चावून राहिली ना माय पोट्टी!

जन्माष्टमीला घरी कान्होबा, म्हणजे कृष्णाची मूर्ती, बसले त्या रात्रीची गोष्ट आहे. बाहेरच्या खोलीत आरतीची तयारी सुरू, सासूबाई सुंठवडा कालवून राहिल्या होत्या, आणि मी आतल्या खोलीत पंख्याखाली ठमीला पाजत बसले होते. ऑगस्टमधला नागपूरचा उकाडा म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको, कूलर लावा तर सगळं चिकचिक आणि बंद करा तर घामाच्या धारा. तर अशात पोट्टी छान पीत होती, डोळे अर्धे मिटलेले, एक हात माझ्या मंगळसूत्रात अडकवलेला, आणि एकदम कचकन चावली ना! माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की बाहेर टाळ वाजवणारे हात थांबले. नवरा धावत आला, त्याला वाटलं पाल पडली अंगावर.

आजेसासूबाई, वय वर्षं ८४, दारातूनच म्हणाल्या, "ओरडून काहून राहिली व? कृष्णानं तं पुतनेचा जीवच ओढून घेतला होता. तुले तं नुसतं चावलं." आणि गेल्या आरतीला.

मला हसू पण येईना आणि रडू पण आवरेना. त्यात ठमी आधी माझ्याकडे टकामका बघत राहिली, मग खालचा ओठ बाहेर आला, मग जे भोकाड पसरलं ते आरती संपली तरी सुरूच.

ठमी तेव्हा सात महिन्यांची होती. खालचे दोन दात आलेले, तांदळाच्या कणीएवढे, पण धार अशी की विळी परवडली. खालचे आधी आले म्हणून माझा भाऊ भल्ला खूश होता, कारण आमच्याकडे म्हणतात वरचे दात आधी आले की मामाला जड. मी त्याला म्हणलं, मामा सुटला रे, माय अडकली. मग बसल्या बसल्या हिशोब केला, दुधाचे दात एकूण वीस, ते पूर्ण यायला अडीच-तीन वर्षं, म्हणजे अजून अठरा बाकी आहेत. तो हिशोब करायला नको होता.

खरं नुकसान दाताने नाही केलं, माझ्या किंकाळीने केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जवळ घेतलं तर पोट्टी तोंडच फिरवे. पदर बाजूला केला की रडायला सुरुवात. दीड दिवस अंगावर अजिबात प्यायली नाही. वाटी-चमच्याने दूध घ्यायची, सासूबाईंकडून बोंडल्याने घ्यायची, नाचणीची पेज खायची, आणि मी समोर आले की संशयाने बघायची, जसं काही मीच तिला चावले होते. इकडे माझी छाती दगडासारखी झालेली. हाताने दाबून दूध काढत बाथरूममध्ये उभी आणि डोळ्यातून पाणी, आणि बाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज, "झालं मग, सुटलं आपोआप. बरंच झालं की."

या काळात सल्ले किती मिळाले याची गणतीच नाही. काकू म्हणाल्या कडुलिंबाचा पाला वाटून लाव, एका दिवसात तुटेल. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या गालावर हलकी चापट मार, कळतं त्यांना सगळं. वर्ध्याहून आईचा फोन, "मी तर तुझं नाक दाबायचे बाई, लगेच सोडायचीस." सासूबाईंचं म्हणणं होतं की दात आले याचा अर्थच हा की आता देवाने पोळी खायला सांगितली आहे, अंगावरचं बंद कर. त्यावर आजेसासूबाई पलंगावरून बोलल्या की तुझा नवरा तीन वर्षांचा होईपर्यंत माझ्या पदराखाली होता आणि तेव्हा त्याला अख्खे दात होते, भुईमुगाच्या शेंगा फोडून खायचा आणि मग प्यायला यायचा. सासूबाई गप्प. सासरे पेपर घेऊन गच्चीवर निघून गेले.

आजेसासूबाईंचा स्वतःचा उपाय मात्र भारी होता, टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळायची. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या घरी पण हेच सांगितलं असेल. डबीसुद्धा काढून ठेवली होती त्यांनी. मी म्हणलं आधी डॉक्टरांना विचारते, कारण लस द्यायला जायचंच होतं. तर डॉक्टर मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. वर्षाच्या आत मध अजिबात चालत नाही, त्यातून बोटुलिझम नावाचा भयंकर प्रकार होऊ शकतो, आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स, ते तर बाळांसाठी विषच. मग मी मेडिकलवाल्याने दिलेली हिरड्यांना लावायची जेलची ट्यूब पर्समधून काढून दाखवली. त्यांनी मागचं बारीक अक्षर वाचलं आणि ती पण बाजूला ठेवून दिली. म्हणाल्या यात बेंझोकेन आहे, बधिर करणारं औषध, अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांच्या दातदुखीसाठी हे वापरू नका, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद एकदम कमी होऊ शकते. घरी येऊन आजेसासूबाईंना डबी परत दिली. त्यांनी काही वाद नाही घातला, फक्त म्हणाल्या, "आमचे जगले बावा." हे वाक्य कुठल्याही चर्चेचा शेवट असतं आमच्या घरी.

पण त्या दिवशी मॅडमनी एक गोष्ट अशी सांगितली की माझं डोकं जागेवर आलं. त्या म्हणाल्या, तुमच्या जिभेने खालचे दात झाका आणि आता चावून दाखवा बरं. मी तिथेच केबिनमध्ये केलं, नवऱ्याने पण केलं, दोघं जीभ बाहेर काढून बसलेलो. नाही जमत! चावायचं तर आधी जीभ मागे घ्यावी लागते. बाळ नीट पीत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीवरून पुढे आलेली असते, निपलच्या खाली, म्हणजे खालचे दात झाकलेलेच असतात. पिणारं बाळ चावू शकत नाही, चावलं म्हणजे त्या क्षणी ते पीत नव्हतं. एकतर पोट भरलंय आणि आता खेळ सुरू आहे, नाहीतर झोप लागून राहिली आणि जबडा मिटून राहिलाय, नाहीतर पान्हा फुटायला वेळ लागतोय आणि धीर नाही. आणि दात येताना हिरड्या शिवशिवतात तेव्हा काहीतरी दाबायला बरं वाटतं, जे तोंडात असेल ते.

तर मॅडम म्हणाल्या दातांकडे नका बघू, घड्याळाकडे पण नका बघू, गिळण्याकडे बघा. घुटुक घुटुक सुरू आहे तोपर्यंत निवांत राहा. ते थांबलं, जबडा घट्ट झाला, नजर इकडे तिकडे फिरायला लागली की करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून आत, हिरड्यांच्या मधे, पकड सुटते आणि मग बाळाला बाजूला घ्यायचं. आणि चावलंच तर मागे ओढायचं नाही, कितीही मनात आलं तरी. दात मिटलेले असताना ओढलं की जखम दातापेक्षा आपल्या ओढण्याने जास्त होते. उलट बाळाला अजून जवळ घ्यायचं, छातीला टेकवायचं, नाक क्षणभर दबतं आणि श्वास घ्यायला तेच तोंड उघडतं. म्हणजे आईचा उपाय अगदीच चुकीचा नव्हता, फक्त चिमटीने नाक दाबायचं नाही. हे आईला सांगितलं तर पुढचे आठ दिवस प्रत्येक फोनवर "सांगितलं होतं ना मी" ऐकलं.

ओरडायचं नाही हे तर मी शिकलेच होते. शांत आवाजात "नाही" म्हणायचं आणि दोन मिनिटं खाली ठेवायचं, बस. शांत आवाजात म्हणे! ज्याने कोणी हे पहिल्यांदा सुचवलं असेल त्याला एकदा चावून बघायला पाहिजे. पण जमतं हळूहळू. मी ओठ दाबून "हंऽऽ" करते आता, म्हशीसारखा आवाज येतो.

रुसवा कसा गेला ते सांगायचं राहिलंच. झोपेत गेला. पहाटे साडेतीनला, लाइट न लावता, ती अर्धवट झोपेत कुशीत वळवळ करत असताना मी नुसती जवळ पडून राहिले, काहीच केलं नाही, आणि तिने स्वतःच शोधलं. जागेपणी रागावलेली होती पण झोपेत विसरली. मी श्वास रोखून पडलेली, की आता शिंक नको यायला.

आता खरी गोष्ट. गिळण्याकडे बघा हे कळल्यावर मी आठवडाभर लक्ष ठेवलं. सकाळी सहाला पाजते, कधीच चावत नाही. रात्री नऊला नाही. पहाटे क्वचित, आणि ते झोप लागता लागता, तर आता गाढ झोपायच्या आधीच करंगळी घालून सोडवते. पण संध्याकाळी साडेपाचला जवळपास रोज चावायची. रोज म्हणजे रोज. मला वाटायला लागलं की हिचा राग आहे माझ्यावर, दिवसभर टाकून जाते म्हणून. जुलैपासून मी ऑफिस जॉइन केलंय ना, ती साडेपाच महिन्यांची असताना. सव्वीस आठवड्यांची रजा २०१७ पासून मिळते ही चांगलीच गोष्ट, पण मी दोन-तीन आठवडे आधीच रजेवर गेले होते आणि कॅलेंडर कोणाची वाट बघत नाही. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक कायद्यानेच मिळतात, हे आमच्या एचआरला मी प्रिंटआउट काढून दाखवलं तेव्हा कळलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पण बाळ तर इथे नाहीये." हो ना, नाहीये, तोच तर प्रॉब्लेम आहे! शेवटी दोन्ही ब्रेक जोडून लवकर निघायची परवानगी मिळाली, तर मी सदरहून नंदनवनपर्यंत ॲक्टिव्हा अशी हाणते, कॉटन मार्केटचा ट्रॅफिक, हातगाड्या, मधेच बसलेल्या गायी, डोक्यात एकच की घरी पोचायचं आणि पोट्टीला छातीला लावायचं. कुर्ता ओला झालेला असतो कधी कधी, पोचायच्या आधीच. घरात शिरले की पर्स सोफ्यावर, हात-पाय धुतले की लगेच तिला उचललं आणि पदराखाली. पाणीसुद्धा प्यायचे नाही मी.

आणि ती चावायची.

एका संध्याकाळी चावली तेव्हा मी तिथेच रडायला लागले, म्हणलं हिला मी नकोच आहे. सासूबाई वरण फोडणीला टाकत होत्या, त्या झारा हातात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अगं पण भूक कुठाय तिला? आत्ताच तर पाजलं मी, पाच वाजता. तू थकून येतेस, लगेच तुला बसावं लागू नये म्हणून."

मी बघतच राहिले त्यांच्याकडे. दीड महिना त्या रोज पाच वाजता माझंच काढून ठेवलेलं दूध तिला बोंडल्याने पाजत होत्या, माझ्या भल्यासाठी, आणि मी रोज साडेपाचला भरल्या पोटाच्या लेकराला जबरदस्ती तोंडाशी धरत होते. मला कोणी भरल्या ताटावरून उठल्यावर अजून एक गोळा-भात वाढला तर मी पण चावेन. भूक तिला नव्हतीच, भूक मला होती. दिवसभर नाही भेटली म्हणून मला ती चिकटायला पाहिजे होती, आणि माझ्याकडे तिला चिकटवून घ्यायची तेवढी एकच रीत होती असं मला वाटत होतं.

हे लिहायला मला थोडी लाज वाटून राहिली आहे खरं तर. कारण त्या दीड महिन्यात मी सगळ्यांना सांगत सुटले होते की ठमीला संध्याकाळी मीच लागते, मी आल्याशिवाय तिचं होतच नाही.

मग बदललं. सासूबाई आता साडेतीन नंतर तिला फक्त पाणी किंवा मऊ शिजवलेला गाजराचा तुकडा देतात, कच्चं गाजर नाही, कारण दात आल्यावर त्याचा तुकडा मोडून घशात अडकू शकतो. खारीक चघळायला द्यायची आमच्याकडे पद्धत आहे, ती पण त्याच कारणाने मी बंद केली, त्याऐवजी सुती रुमाल ओला करून फ्रिजमध्ये ठेवतो, फ्रीझरमध्ये नाही, नुसता गार. तो चावत बसते, लाळेरं भिजतं, पण हिरड्या थंड होतात. आणि मी आल्यावर आधी पाणी पिते. मग तिला घेऊन गॅलरीत जाते, खालून जाणाऱ्या भाजीवाल्याला ती "आ आ" करते, तो पण "आ आ" करतो. अर्ध्या-पाऊण तासाने ती स्वतःच माझ्या गळ्यात तोंड खुपसायला लागते, कुर्त्याचं बटण ओढते. तेव्हा पाजते. छाती फारच भरलेली असली तर आधी थोडं हाताने काढून घेते. तेव्हापासून संध्याकाळचं चावणं जवळजवळ बंदच झालं, दोनदाच झालंय मधे, त्यात एकदा मी फोनवर बोलत होते आणि एकदा बाहेर कुकरची शिट्टी झाली म्हणून दचकली.

जखमेचं पण सांगते, कारण हा प्रश्न मला खूप जणींनी मेसेज करून विचारला. डाव्या बाजूला चीर पडली होती. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्यायचं आणि मग डॉक्टरांनी सांगितलेलं लॅनोलिनचं मलम, ते पुसून काढावं लागत नाही. सुरुवात कमी दुखणाऱ्या बाजूने करायची. आणि छाती लाल, गरम, दुखरी झाली आणि थंडी वाजून ताप आला तर घरगुती काही न करता सरळ डॉक्टरकडे, आणि पाजणं बंद नाही करायचं, दूध साचलं तर अजून वाढतं. माझं तिथपर्यंत गेलं नाही.

मधे ठमीला एकशे एक ताप आला तर सगळ्यांनी एका सुरात निकाल दिला, दातांचा आहे. मॅडम म्हणाल्या दातांनी अंग किंचित कोमट होईल, किरकिर होईल, पण १००.४ च्या वर ताप गेला की दाताच्या नावावर टाकून घरी बसायचं नाही. साधी सर्दीच निघाली. पण निघाली हे तपासल्यावर कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही इतवारीत आजेसासूबाईंच्या माहेरी गेलो होतो मारबत बघायला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती, म्हणजे पुतळे, मिरवणुकीने निघतात, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे, आणि अख्खं जुनं नागपूर ओरडत असतं की रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. खाली मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती, आम्ही दुसऱ्या मजल्यावरून बघत होतो. ढोल असा की खिडकीची काच थरथरत होती. ठमी आधी डोळे विस्फारून बघत होती, मग भूक लागली. मी तिला आतल्या माजघरात नेलं, दार लोटलं, पोटात गोळा आलेला की एवढ्या गोंगाटात ही मान फिरवून बघणार आणि दातासकट बघणार. आजेसासूबाई दारापाशी राखणीला बसल्या. पोट्टी मन लावून प्यायली, घुटुक घुटुक, मी मोजत बसले होते. खाली पिवळी मारबत आली तसा आरडाओरडा वाढला, आणि दारातून आजेसासूबाई पण ओरडल्या, "पोट्टीचं चावणं घेऊन जाय व मारबत!" ठमी माझ्या तोंडाकडे बघून हसली, निपल तोंडात ठेवूनच. ते हसणं मी ओळखते. करंगळी लगेच आत.

संध्याकाळी तान्हा पोळा. माझ्या नवऱ्याचा लहानपणीचा लाकडी बैल माळ्यावरून काढला होता, धुऊन पुसून, मुद्दाम रंग न लावता, कारण मला माहीत होतं काय होणार. गल्लीतली सगळी पोट्टी आपापले बैल सजवून रांगेत, कोणाच्या बैलाला गोंड्याची माळ, कोणी स्वतःच शंकर झालेलं. आमच्या बाईसाहेब सासऱ्यांच्या कडेवर, बैल दोन्ही हातात धरून, शिंग थेट तोंडात. बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची खुशाली, म्हणून मिळालेले दहा रुपये पण तोंडात घालायच्या बेतात होत्या. घरी येऊन बघितलं तर बैलाच्या डाव्या शिंगावर दोन बारीक खाचा.

परवा आंघोळीनंतर रडून राहिली होती म्हणून वरची हिरडी बघितली. फुगलेली आहे, मधोमध दोन पांढरे ठिपके. रात्री बसून मी करंगळीचं नख कापून ठेवलं.